गोविंदा नावाची घार

या मालिकेत आपण लढाया, किल्ले आणि फौजा यांच्याबद्दल बोलतो. आजही फौज आहे, पण विषय आहे आकाशातला. शिकारी पक्षी ओळखायचा कसा, आणि ही विद्या आपल्याकडे कुणी, कुठे, कशी घडवली, हा तो विषय. ही गोष्ट मुख्यतः मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची. पण तिच्यात जालना आहे, दख्खन आहे आणि एक मराठी माणसाच्या ओळखीची घारही आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. १९८२ साली पदवी घेऊन मी लष्करी प्रशिक्षणासाठी मद्रासला आलो. एका दुपारी मैदानावर विश्रांती होती. वर एक मोठा तपकिरी पक्षी गोल फिरत होता. आमच्या उस्तादांनी विचारलं, "कॅडेट, वर काय आहे?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "गरुड, उस्ताद!" ते हसले. म्हणाले, "शेपूट बघ. मध्ये खाच आहे ना? ती घार. रोज तुझ्या मेसच्या मागे बसते." गावाकडे आयुष्यभर घार बघितलेला मी, नव्या शहरात तीच घार मला गरुड दिसली. का? कारण मला गरुड दिसावासा वाटत होता.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हे. चेन्नईहून दक्षिणेला दीडशे किलोमीटरवर पाँडिचेरी आहे. तिथून फ्रान्सला गेलेल्या एका शिकारी पक्ष्याला ब्रिसाँ या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञानं १७६० साली नाव दिलं, 'पाँडिचेरीचा गरुड'. पुढे १७८३ साली बोडार्ट यानं त्याला लॅटिन नाव दिलं. तो पक्षी कोणता? आपल्या कोकण किनाऱ्यावर मासळी बाजाराजवळ घिरट्या घालणारी, पांढऱ्या डोक्याची, विटकरी पाठीची ब्राह्मणी घार! पॅरिसमध्ये बसलेल्या माणसापुढे पेंढा भरलेलं कातडं किंवा त्याचं चित्र होतं. उडताना ती कशी दिसते, काय खाते, किनाऱ्यावरचे कोळी तिला काय म्हणतात, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

दुसरं उदाहरण याहून मजेशीर आहे. लाल डोक्याचा एक छोटा, चपळ ससाणा आपल्याकडे आहे. शिकारी लोक त्याला तुरमती म्हणत. त्याचं शास्त्रीय नाव आहे 'फाल्को चिकेरा'. १८०० साली दोदँ या फ्रेंच माणसानं ते दिलं. 'चिकेरा' म्हणजे शिक्रा! शिक्रा हा अगदी वेगळा पक्षी. आखूड गोलसर पंखांचा, झाडीतून झेपावणारा. पण समुद्रापार जाताना एकाचं नाव दुसऱ्याला चिकटलं, आणि ते सव्वादोनशे वर्षं तसंच आहे. हिंदुस्थानातल्या कुठल्याही बाजदारानं ही चूक केली नसती.

इथे मला एक गोष्ट मांडायची आहे. शिकारी पक्षी ओळखण्याच्या दोन शाळा होत्या. एक बंदुकीची आणि एक मुठीची. बंदुकीच्या शाळेत पक्षी पाडायचा, कातडं काढायचं, पंख मोजायचे, रंग लिहायचा. मुठीच्या शाळेत पक्षी जिवंत पकडायचा, मुठीवर बसवायचा, त्याला शिकारीला सोडायचं आणि परत बोलवायचं. पहिल्या शाळेनं पुस्तकं लिहिली. दुसरीनं लिहिलं कमी, पण आकाशातला पक्षी तिला ओळखता येत होता. आज दुर्बीण घेऊन आपण जे करतो, ते खरं तर दुसऱ्या शाळेचं काम आहे.

मद्रासमध्ये पहिली शाळा फार लवकर उघडली. सेंट जॉर्ज किल्ल्यात एडवर्ड बकली नावाचा सर्जन होता. तो इथल्या पक्ष्यांची चित्रं लंडनच्या जेम्स पेटिव्हरकडे पाठवत असे. जॉन रे या निसर्गशास्त्रज्ञाच्या १७१३ साली निघालेल्या पुस्तकाला जी पुरवणी जोडली, तिच्यात हे मद्रासचे पक्षी आले. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर युरोपात छापलेल्या सगळ्यात जुन्या लेखनात त्याची गणना होते. शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाला तेव्हा जेमतेम छत्तीस वर्षं झाली होती, आणि तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं हे काम मुख्यतः फौजेतल्या लोकांनी केलं. कारण साधं आहे. फौजेतला माणूस सतत फिरत असे, त्याच्याकडे बंदूक असे, आणि छावणीत वेळ असे. आपल्या दख्खनमध्ये कर्नल विल्यम साइक्स हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी होता. खडकीच्या लढाईत हा पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होता. पुढे मुंबई सरकारनं त्याला दख्खनची माहिती आणि आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलं. त्या फिरस्तीत त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली आणि ती १८३२ साली लंडनमध्ये छापून आली. त्या यादीत त्यानं आपल्या साध्या घारीला नाव दिलं, 'मिल्व्हस गोविंदा'. आजही आपल्याकडच्या घारीच्या उपजातीचं शास्त्रीय नाव 'गोविंदा' हेच आहे. उस्तादांनी मला मैदानावर जी दाखवली ती हीच. हे नाव मला पुस्तकात दिसलं तेव्हा सैन्यात येऊन मला वीस वर्षं झाली होती.

आता मुख्य माणसाकडे येऊ. थॉमस केव्हरहिल जर्डन. जन्म १८११. कंपनीच्या नोकरीत सहायक सर्जन. १८३६ साली तो मद्रासला उतरला. पुढच्याच वर्षी त्याची नेमणूक मद्रासच्या दुसऱ्या लाइट कॅव्हलरीत झाली, आणि त्या रिसाल्याबरोबर तो आला जालन्याला. जालना तेव्हा निजामाच्या मुलखातली मोठी छावणी होती. १८०३ साली जिथे शिंद्यांच्या आणि वेलस्लीच्या फौजा भिडल्या, ते असई तिथून जवळच. म्हणजे 'दक्षिण हिंदुस्थानच्या पक्ष्यांचा' हा अभ्यासक आपल्या मराठवाड्यात मुरला. त्याची पक्ष्यांची यादी १८३९ पासून 'मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स' या नियतकालिकात क्रमानं छापून आली. त्याच नियतकालिकात १८३९ साली वॉल्टर इलियटची दक्षिण मराठा मुलखातल्या, म्हणजे धारवाडकडच्या सस्तन प्राण्यांची यादी आली. इलियट मद्रासचा मुलकी अधिकारी. जर्डनला त्यानं आपली टिपणं मोकळेपणानं दिली.

जर्डनही बंदूक चालवायचा, यात शंका नाही. पण इतरांपेक्षा त्यानं एक गोष्ट जास्त केली. त्यानं विचारलं. बाजदारांना विचारलं, फासेपारध्यांसारख्या पक्षी पकडणाऱ्यांना विचारलं, नेल्लोरला असताना यानादी आदिवासींना विचारलं. आणि त्यांनी सांगितलेली नावं लिहून घेतली. 'बर्ड्स ऑफ इंडिया' हे त्याचं मोठं पुस्तक १८६२ ते १८६४ या काळात निघालं. त्यात पक्ष्यागणिक हिंदुस्थानी, तेलुगू, तमिळ अशी नावं दिली आहेत. शिकारी पक्ष्यांच्या प्रकरणात तर बाजदारांचा अख्खा शब्दकोश सापडतो.

हे शब्द नीट बघा, कारण त्यांच्यातच ओळखण्याची विद्या भरलेली आहे. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा ठळकपणे मोठी असते. बंदुकीच्या शाळेला हे छेद देऊन तपासावं लागे. बाजदारांनी दोघांना वेगळी नावंच दिली होती. बाज म्हणजे मादी, तिचा नर जुर्रा. शिक्रा म्हणजे मादी, तिचा नर चिपक. लग्गड मादी, तिचा नर झग्गड. युरोपातले काही शास्त्रज्ञ एकाच जातीच्या पिल्लाला आणि प्रौढाला दोन जाती समजून दोन नावं देत होते. त्याच काळात इथला अक्षरओळख नसलेला बाजदार नर-मादी एकाच जातीचे आहेत हे जाणून त्यांना दोन नावं देत होता. पहिला अज्ञानातून दोन नावं देतो, दुसरा ज्ञानातून.

आणि 'बहिरी ससाणा'? लहानपणी मला वाटायचं की या पक्ष्याला ऐकू येत नसावं. तसं काही नाही. मूळ शब्द 'बहरी', म्हणजे समुद्राचा. हा ससाणा हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि किनाऱ्यावर, खाडीवर, दलदलीवर बदकांच्या आणि चिखल्यांच्या मागे लागतो. कुठे शोधायचा, हे नावातच सांगितलेलं आहे. त्याचा इथेच राहणारा भाऊबंद शाहीन. तो कड्याकपारीत राहतो. बाजदार त्याला आकाशात डोक्यावर घिरट्या घालत थांबायला शिकवत आणि सावज उठलं की तो वरून कोसळत असे. जो माणूस रोज हे बघतो, त्याला शाहीन ओळखायला पंख मोजावे लागत नाहीत.

शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना होता, हे आपण मागे एका भागात पाहिलं. दरबारं गेली तशी ही माणसंही गेली. त्यांचे शब्द जर्डनच्या पुस्तकात राहिले. जर्डन १८७२ साली लंडनमध्ये वारला.

मग बंदूक खाली कधी ठेवली गेली? हळूहळू. चांगल्या दुर्बिणी स्वस्त झाल्या तेव्हा. १९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यानं एक छोटं पुस्तक काढलं. त्याची युक्ती सोपी होती. पक्ष्याचं सगळं वर्णन करायचं नाही. शेजारच्या जातीपासून तो वेगळा कशानं पडतो, तेवढंच दाखवायचं. शिकारी पक्षी खालून उडताना कसे दिसतात तसेच काढायचे. आपल्याकडे १९४१ साली सालिम अलींचं 'बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं आणि सामान्य माणसाच्या हातात पक्षी न मारता ओळखण्याचं साधन आलं. पुढे मारुती चितमपल्लींनी पक्षीकोशात गावोगावची मराठी नावं गोळा केली. हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' हा संस्कृत ग्रंथही त्यांनी पंडित नरहरी भातखंडे यांच्याबरोबर मराठीत आणला.

पीटरसनची पद्धत मला अनोळखी वाटली नाही, कारण सैन्यात मी तीच शिकलो होतो. मी विमानविरोधी तोफखान्यात होतो. आमच्याकडे विमानांच्या काळ्या आकृत्यांची कार्डं असत. कार्ड एक-दोन सेकंद दाखवायचं आणि खाली घालायचं. सांगा, कोणतं विमान? रंग नाही, खुणा नाहीत. पंख, इंजिन, धड, शेपूट, याच क्रमानं बघायचं. आकाशात उजेड मागे असतो, तेव्हा रंग दिसतच नाही. आकार दिसतो.

एक प्रसंग सांगतो. वाळवंटात सराव चालू होता. 'शत्रूची' दोन विमानं पश्चिमेकडून येणार असं मला सांगितलं होतं. पश्चिमेकडून विमान आलं आणि मी 'शत्रू' असा इशारा दिला. ते आपलं होतं. सरावातल्या तोफा रिकाम्या होत्या म्हणून मी आज तुमच्याशी शांतपणे बोलतोय. संध्याकाळी माझे कमांडिंग ऑफिसर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला आधी सांगितलं होतं शत्रू येणार, म्हणून तुला शत्रू दिसला." त्या रात्री मला मद्रासच्या मैदानावरचा तो 'गरुड' आठवला. चूक तीच होती.

पक्ष्याची ओळख चुकली तर काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. बिघडतं. गिधाडांचं बघा. लांब चोचीचं गिधाड म्हणून आपण जी एक जात मोजत होतो, त्या प्रत्यक्षात दोन जाती आहेत, हे २००१ साली स्पष्टपणे मांडलं गेलं. एक मध्य आणि दक्षिण भारतातली, दुसरी हिमालयाच्या पायथ्याची, बारीक चोचीची. तोपर्यंत गिधाडं मरू लागली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून पंधरा वर्षांत यांची आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ साली कळलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याचं मूत्रपिंड निकामी होत असे. २००६ साली गुरांसाठी ते बंद झालं. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात होत्या. २०१५ साली त्या मोठ्या कुप्यांवर बंदी आली. औषध कंपन्यांनी तिला आव्हान दिलं, आणि २०१७ साली ती बंदी कायम ठेवणारा निकाल कुणी दिला? मद्रास उच्च न्यायालयानं. आता विचार करा. ज्या जातीला वेगळं नाव नाही, तिची मोजदाद कोण करणार? आणि मोजलीच नाही, तर ती किती उरली, कुठे उरली, हे न्यायालयापुढे कोण मांडणार?

ठिपकेदार गरुडाचं तसंच. भारतातला लहान ठिपकेदार गरुड ही युरोपातल्या गरुडाचीच शाखा असं मानलं जाई. २००२ साली तीन अभ्यासकांनी तो स्वतंत्र आहे असं दाखवलं. त्यांच्यातले एक, विभू प्रकाश, भरतपूरची गिधाडं नाहीशी होत आहेत हे जगापुढे मांडणारे. नीट ओळखणारा डोळा असला की हरवलेलंही आधी त्यालाच दिसतं.

निवृत्तीनंतर मी चेन्नईत राहतो. हिवाळ्यात सकाळी पल्लीकरणैच्या दलदलीवर जातो. शहराच्या दक्षिण अंगाला, एका बाजूला आयटी कंपन्यांच्या इमारती, दुसऱ्या बाजूला कचऱ्याचा डेपो, आणि मध्ये ही दलदल. पूर्वी कितीतरी मोठी होती. २०२२ साली तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तिथे एका तासात उस्तादांचा अख्खा धडा गिरवता येतो.

पहिल्यांदा घार शिकून घ्या. ती सगळीकडे आहे, आणि बाकी सगळ्यांचं माप तिच्यावरूनच काढायचं. शेपटीत खाच, आणि उडताना शेपूट सुकाणूसारखी वळवत राहते. पण शेपूट पूर्ण पसरली की खाच दिसत नाही, हे लक्षात ठेवा. शेपूट गोल असेल तर ब्राह्मणी घार. तिचं पिल्लू तपकिरी असतं, रंगावर गेलात तर फसाल, शेपटीवर जा. लव्हाळ्यावरून अगदी खाली, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे वर धरून तरंगत जाणारा तो भोवत्या. लांब, अरुंद, मनगटात मोडलेले पंख, खालून पांढरा आणि पाण्यावर पाय पुढे करून पडणारा तो कैकर, मासे खाणारा. एका जागी हवेत पंख मारत थांबलेला, पांढरा-राखाडी, छोटा तो कापशी. लांब मान, कबुतरासारखं लहान डोकं असेल तर मधुबाज. याचे रंग इतके बदलतात की रंग बघूच नका. चार-पाच वेळा पंख मारून मग सरकत झाडात शिरला तर शिक्रा. आणि बदकांचा अख्खा थवा एकदम उठला, तर आधी वर बघा. टोकदार पंखांचा, नांगरासारखा आकार दिसला तर बहिरी.

गरुड सगळ्यात शेवटी. पंख फळीसारखे रुंद, टोकाला बोटांसारखी सुटी पिसं, शेपूट आखूड, आणि घारी त्याच्यापुढे लहान दिसतात. मोठा ठिपकेदार गरुड काही हिवाळ्यांत इथे येतो. तो दिसला की नवखा माणूस त्याला घार म्हणतो आणि घारीला गरुड! तरीही खात्री नसेल तर वहीत लिहायचं, 'शिकारी पक्षी, ओळख पटली नाही'. आमच्याकडे नियम होता, ओळख पटली नाही तर तोफ डागायची नाही. पक्षी बघणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे.

शेवटी एक गंमत. चेन्नईजवळ अरक्कोणमला नौदलाचा मोठा विमानतळ आहे, 'आयएनएस राजाळी'. राजाळी हे तमिळमधलं शिकारी पक्ष्याचं नाव. रामनाथपुरमजवळचा तळ 'आयएनएस परुंदू'. परुंदू म्हणजे घार. विशाखापट्टणमला 'डेगा', तेलुगूतलं शिकारी पक्ष्याचं नाव. कोचीला 'गरुड'. आणि मुंबईत कुलाब्याला नौदलाची हेलिकॉप्टरं जिथून उडतात, तो तळ 'आयएनएस शिक्रा'. पॅरिसच्या कपाटात ज्याचं नाव भलत्यालाच चिकटलं, तो शिक्रा फौजेच्या फाटकावर मात्र बरोबर लिहिला गेला.

त्या उस्तादांचं शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. साइक्स, जर्डन ही नावं त्यांनी ऐकली असतील असं मला वाटत नाही. पण शेपटीकडे बोट दाखवणारा तो माणूस मुठीच्या शाळेतला होता. तुमच्या गावातही असा कुणीतरी असेल. मेंढपाळ, पारधी, कोळी, एखादी आजी. ती वर बघून ज्या पक्ष्याला जे नाव देते, ते विचारा आणि तारखेसह, गावासह लिहून ठेवा. जर्डननं जालन्यात तेच केलं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.